हिरवी टू-सीटर आणि पिंटोसाहेबांचं बदक

जुनी मोटार विकणारा आणि घेणारा यांना समोरासमोर बसवायचं आणि दोघांपैकी कोणी चिडून उठून जाणार नाही एवढं बघायचं, हा माझा धंदा. नागपुरात धंतोलीच्या एका गल्लीत माझं लहानसं गॅरेज होतं. लोक मला दलाल म्हणत. मी पाटीवर ‘जुन्या मोटारींचे सल्लागार’ असं लिहून घेतलं. रंगाऱ्यानं त्यातला एक ‘ल’ खाल्ला आणि मी दुकान बंद करेपर्यंत ‘सलागार’च राहिलो.

तेव्हा नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. त्यामुळे जुन्या गाडीला मान होता आणि तिची पारख करणाऱ्यालाही थोडाफार होता. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक कापडवाले शेटजी लोहचुंबक घेऊन येत आणि गाडीच्या दारांवर फिरवत. जिथं चुंबक चिकटणार नाही तिथं ठोकर लपवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. एक प्राध्यापक इंजिनाकडे बघतसुद्धा नसत. ते मागच्या सीटवर आडवे होऊन मला गाडी फिरवायला सांगत. झोप लागली तर गाडी चांगली. त्यांना वर्धा रोडवर झोप लागली आणि त्यांनी ती गाडी घेतली. पुढं ती गाडी त्यांच्याकडे सुखात नांदली, त्यामुळे त्यांच्या पद्धतीला मी हसणं सोडून दिलं.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्यावी की चारही चाकांवर चालणारी, हा प्रश्न मात्र आमच्याकडे फारसा येत नसे. त्या वेळच्या जवळजवळ सगळ्या मोटारींत इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना. म्हणजे मागची चाकं गाडी ढकलतात, पुढची नुसती वळतात. हातगाडी ढकलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. रस्ता कोरडा असेल तर उत्तम. रस्ता ओला असेल आणि वळणावर जोर चुकला, तर गाडीचा मागचा भाग बाहेर पळतो. जीपमध्ये एक वेगळा दांडा असतो. तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, म्हणजे ढकलणाऱ्याच्या जोडीला पुढून ओढणारा येतो. चिखलात यासारखं सुख नाही. पण डांबरी सडकेवर तो दांडा ओढून ठेवला, तर वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि दोघांचं भांडण सुरू होतं. स्टेअरिंग जड होतं, टायर खाल्ले जातात. एका वकिलांनी माझ्यामार्फत कामठीच्या लष्करी लिलावातली जीप घेतली होती. चार चाकांना जोर मिळतो तर दोघांना उपाशी का ठेवायचं, असा त्यांचा युक्तिवाद. दांडा कायम ओढलेला ठेवून ते घर ते कोर्ट जात. टायर गेले, मग पुढचे गिअर गेले. मला नोटीस पाठवायची धमकी देऊन झाल्यावर त्यांनी स्कूटर घेतली.

हा प्रश्न खऱ्या अर्थानं माझ्यासमोर एकदाच आला. तो घेऊन आल्या डॉ. कुमुद गजभिये.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. बाई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बाळंतपणं करत. वय चाळिशीच्या आतबाहेर, लग्न केलेलं नव्हतं. सक्करदऱ्याला राहत. वडील कापड गिरणीतून निवृत्त झालेले. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर आणि त्या गल्लीतली ही पहिली डॉक्टर. आठवड्यातून दोनदा बाई बसनं पारशिवनीला जात आणि तिथल्या दोन खोल्यांत गावच्या बायकांना तपासत, कोणी अडली असेल तर पुढच्या खेड्यांतही जात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मला स्पोर्ट्स कार बघायची आहे.”

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी. लायसन्स आहे माझ्याकडे.”

मी त्यांना चार दारांच्या, मागं पेशंट झोपवता येईल अशा दोन गाड्या सुचवल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“या गाड्या मला माहीत आहेत,” त्या म्हणाल्या. “मी त्या मागितल्या नाहीत.”

नागपुरात तेव्हा विकाऊ अशा दोनच स्पोर्ट्स कार माझ्या माहितीत होत्या. पहिली हिरव्या रंगाची विलायती टू-सीटर. एक इंग्रज मॅनेजर देश सोडताना ती कापसाच्या एका व्यापाऱ्याला देऊन गेला होता आणि ती गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. बुटकी, लांब नाकाची, कापडी टपाची. जोर मागच्या चाकांना. दुसरी गाडी जगात एकच होती. पिंटोसाहेब म्हणून खाणीतले निवृत्त इंजिनीअर कामठी रोडला राहत. त्यांनी लिलावातल्या जीपचा सांगाडा घेऊन तो खाली बसवला, वर दुसऱ्या गाडीचं ताकदवान इंजिन चढवलं आणि ॲल्युमिनियमचे पत्रे स्वतःच्या हातानं ठोकून तिला स्पोर्ट्स कारचं अंग दिलं. पुढं दोन सीटा, मागं दोन माणसं कशीबशी मावतील एवढी फळी, वर काढता-लावता येणारा कापडी टप. चारही चाकांना जोर देणारा जीपचा दांडा तसाच ठेवलेला. नाक रुंद आणि चपटं झालं होतं, म्हणून वस्तीतली पोरं तिला बदक म्हणत. पिंटोसाहेबांना ते नाव कळलं तेव्हा आधी राग आला, मग त्यांनीही तेच नाव धरलं. आता त्यांची नजर अधू होत चालली होती. गाडी विकायची होती, पण घेणारा आधी चालवताना बघीन, मगच देईन, अशी त्यांची अट होती.

पहिली फेरी हिरव्या गाडीची. पाऊस सरत आला होता, पण सडक ओली होती. बाई चालवत होत्या, मी शेजारी. कन्हानच्या पुढं एका वळणावर समोर गाय आली. बाईंनी वळता वळता ब्रेक दाबला. गाडी स्वतःभोवती अर्धी गिरकी घेऊन थांबली, तेव्हा तिचं तोंड नागपूरकडे होतं. गाय निघून गेली. मी दारावरची पकड सोडली.

“हे का झालं?” बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. वळणावर ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरतात. अशा वेळी ब्रेकला पाय लावायचा नाही. शेपूट जिकडे पळतं तिकडेच स्टेअरिंग फिरवायचं आणि ॲक्सिलरेटर अलगद सांभाळायचा.

“मोकळी जागा कुठं आहे?”

पुढं एका वीटभट्टीजवळ चिखलाचं सपाट रान होतं. तिथं बाईंनी ते शेपूट मुद्दाम पळवलं आणि मुद्दाम पकडलं. पहिल्या काही वेळा गाडी गिरकी घेऊन बंद पडली. मग एकदा शेपूट घसरलं, बाईंचे हात बरोबर फिरले आणि गाडी सरळ झाली. त्यांनी ते पुन्हा केलं. मग पुन्हा. त्या मोठ्यानं हसत होत्या. इतकी वर्षं मी लोकांना गाड्या दाखवत होतो, लोक भाव ऐकून हसत, दोष दाखवला की कसनुसं हसत. गाडी चालवताना असं हसणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं.

दुसरी फेरी बदकाची. या वेळी बाईंचे वडीलही आले. दौलतराव. उंच, वाळकं शरीर, धोतर, वर निळा शर्ट. मूळचे पारशिवनीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. पोरवयात गिरणीत आले ते इथलेच झाले. पिंटोसाहेब बाईंच्या शेजारी बसले, मागच्या फळीवर मी आणि दौलतराव गुडघे पोटाशी घेऊन.

पारशिवनीपर्यंत डांबर. तिथून पुढं काळ्या मातीची गाडीवाट. पावसाळ्यात ही माती चाकाला लागली की सुटत नाही, चाक फुगत जातं आणि शेवटी नुसतं जागच्या जागी फिरतं. पिंटोसाहेबांनी दांडा ओढायला सांगितला. बदक एकदा हिसकलं आणि त्या चिखलातून सरळ निघालं. वाटेत एक बैलगाडी आसापर्यंत रुतलेली होती. आम्ही तिच्या बाजूनं गेलो.

दौलतराव मागं वळून त्या बैलगाडीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “पाह्यलं काय गा ढोबळेभाऊ? म्हैस निघते चिखलातून तशी निघाली.”

“चारही चाकं ओढतात ना.”

“हेच पाहिजे. हेच गाडी पाहिजे.”

परतताना एका मोहाच्या झाडाखाली आम्ही थांबलो. पिंटोसाहेबांनी रुमालानं बदकाच्या नाकावरचा चिखल पुसला आणि विचारलं, “तो, डॉक्टर, मेरा गाडी पास के फेल?”

“पास,” बाई म्हणाल्या. “पण मी हिरवी घेते आहे.”

दौलतरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“हिरवी? ते चिखलात चालन काय?”

“नाही चालणार.”

“मंग? डांबर पारशिवनीत संपते, कुमुद. फुडं कशी जाशीन तू?”

“आतापर्यंत जशी गेले तशी. बैलगाडीनं. नाहीतर पायी.”

“अन् हे गाडी समोर उभी असून? काहून वं?”

बाई बोलल्या तेव्हा मान खाली होती आणि भाषा घरची झाली होती. “बाबा, मी आजवर जे घेतलं ते कामाचं म्हणून घेतलं. हे घड्याळसुद्धा नाडी मोजाले घेतलं. एक वस्तू तरी बिनकामाची घेऊ द्या मले.”

दौलतराव उठले आणि बदकाच्या मागच्या फळीवर जाऊन बसले. सल्लागार म्हणून मला काही विचारलं असतं, तर मी बदकच सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही.

हिरव्या गाडीचा व्यवहार झाला. मला वाटलं, संपलं. थोड्या दिवसांनी दौलतराव एकटेच गॅरेजवर आले. चहा घेतला, इकडचंतिकडचं बोलले आणि मग विचारलं, “ते बदक कोणी घेतलं काय?”

“नाही अजून.”

“मी घेतो म्हटलं. गिरणीचा फंड हाय नं माह्या.”

“चालवणार कोण?”

“मी.”

साठी उलटलेली होती त्यांची. आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. मी त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही शिकवा नं गा. नाही जमलं तं सोडून देईन.”

पिंटोसाहेबांनी आधी नकार दिला. मग अट घातली, की शिकवणार ते स्वतः. नजर अधू, त्यामुळे समोरचं मी सांगायचं आणि गाडीचं ते सांगणार. असे आम्ही तिघं सक्करदरा तलावामागच्या मैदानात जाऊ लागलो. “बाबा, क्लच पे पाँव मत रखो, वो पायदान नहीं है!” असं पिंटोसाहेब ओरडत. दौलतराव रागावत नसत. गिअर मात्र त्यांना आमच्या कोणाहीपेक्षा लवकर आले. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. इंजिनाचा आवाज बदलला की त्यांचा हात आपोआप दांड्यावर जाई. वळणं मात्र त्यांना फार काळ जड गेली. मैदानाच्या कडेचं एक बाभळीचं झाड त्यांनी दोनदा घासलं. पिंटोसाहेबांनी पत्रा पुन्हा ठोकून सरळ केला आणि तिसऱ्या वेळी झाड तोडायचं ठरलं. ती वेळ आली नाही.

परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टरनं त्यांना विचारलं, “या वयात कशाला हवंय लायसन्स, आजोबा?”

“पोरगी डांबरावर थांबते साहेब,” दौलतराव म्हणाले. “तिथून फुडं कोणीतरी न्याले पाहिजे नं.”

बाईंना हे सगळं लायसन्स मिळाल्यावर कळलं. त्या गॅरेजवर आल्या त्या माझ्याशी भांडायलाच. वडिलांचा फंड, वडिलांचं वय, माझा धंदा, सगळं त्यात आलं. मी ऐकून घेतलं. मग त्या बदकाभोवती एक चक्कर मारून आल्या, घासलेल्या पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “ब्रेक नवे टाकून द्या.”

दौलतराव पारशिवनीला एका चुलतभावाकडे राहायला गेले. बदक दवाखान्याच्या दोन खोल्यांसमोर कडुनिंबाखाली उभं असे. बाई त्यांच्या ठरलेल्या दोन दिवशी हिरव्या गाडीतून येत. भुर्र करून येत, असं गावातले लोक सांगत. डांबर संपे तिथं ती गाडी थांबे आणि पुढचं काम बदकाचं. खेड्यातून बायांना आणायचं, पोचवायचं. मी बाईंना चुकीची गाडी घेऊ दिली असं मनात धरून बसलो होतो. बापलेकींनी दोन्ही गाड्या घेऊन तो प्रश्नच मिटवला. आमच्या धंद्यात असं उत्तर कोणी देत नाही.

एका पावसाळ्यात दौलतरावांचा निरोप आला, पुढच्या चाकांकडून टकटक आवाज येतो. मी बाईंबरोबर हिरव्या गाडीतून पारशिवनीला गेलो. बदक बघितलं. आवाज पुढच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचा होता. नागपूरला न्यावं लागेल, पण आजचा दिवस चालेल, असं मी सांगितलं. तेवढ्यात एक माणूस पळत आला. पलीकडच्या खेड्यात एक बाई बाळंतपणात अडली होती. कुमुदबाई तयारीला दवाखान्यात थांबल्या. दौलतरावांनी मला आवाज ऐकायला सोबत घेतलं आणि आम्ही निघालो. वाटेत नाला लागतो, त्यावर रपटा आहे, म्हणजे नाल्याच्या तळावरच बांधलेला बुटका रस्ता. जाताना त्यावर पाणी नव्हतं.

खेड्यातून ती बाई, तिचा नवरा आणि सासू यांना घेऊन परत आलो, तर रपटा दिसतच नव्हता. वर कुठंतरी पाऊस झाला होता. पाणी फार खोल नव्हतं, पण जोरात, तांबडं आणि फेसाळलेलं. दौलतरावांनी गाडी काठावर थांबवली.

“घ्या नं काका,” नवरा म्हणाला. “चारही चाकाइची गाडी हाय नं तुमची!”

मी दौलतरावांकडे बघितलं. मला जे सांगायचं होतं ते एवढंच, की चाकं चार काय आणि आठ काय, तळाला टेकलेली असतील तोवरच कामाची. पत्र्याची हलकी गाडी, बुटकी. पाण्यानं बाजूनं उचलली की दांडा ओढून उपयोग नाही. पण मला बोलावं लागलं नाही. दौलतरावांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

“नाही जाणार.”

“काका, ते मरन माही बायको!”

“पाण्यात गेलो तं सारेच मरू.”

नवरा त्यांच्या अंगावर धावून गेला. मी मध्ये पडलो. मागच्या फळीवर आडवी केलेली ती बाई कण्हत होती, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दौलतराव गाडीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. नवरा त्यांना शिव्या देत होता आणि ते ऐकत होते.

मग पलीकडच्या काठावर माणसं दिसली. त्यांत कुमुदबाई. उशीर झाला म्हणून त्या चिखलातून चालत आल्या होत्या. त्या ओरडून काही विचारत होत्या, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. नवऱ्यानं हातवारे करून गाडीकडे, बायकोकडे दाखवलं. बाईंना समजलं. त्यांनी शेजारच्या माणसांशी काही बोलून घेतलं. बैलगाडीचे दोर आले, एकमेकांना बांधले गेले. एक पोहणारा माणूस वरच्या अंगाला जाऊन दोराचं टोक घेऊन आमच्या काठाला आला. आम्ही ते टोक झाडाला बांधलं.

बाईंनी पदर खोचला, पिशवी एका माणसाच्या डोक्यावर दिली आणि दोर धरून पाण्यात पाय टाकला, तेव्हा दौलतराव गाडीपासून सुटल्यासारखे काठाकडे धावले.

“येऊ नको वं! कुमुद! येऊ नको!”

पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मध्यावर त्यांचा पाय सुटला आणि त्या दोराला लोंबकळल्या. पुढच्या-मागच्या माणसांनी त्यांना उभं केलं. दौलतराव हाका मारत होते.

बाई आमच्या काठाला लागल्या. वडिलांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीशी गेल्या. “टप लावा. पुरुष माणसं लांब जा. सासूबाई, तुम्ही थांबा.”

आम्ही लांब जाऊन बसलो. फार वेळ गेला असं वाटलं. बाळाच्या मानेला नाळ गुंडाळलेली होती, हे नंतर कळलं. आवाज आधी सासूचा आला, रडण्याचा. मग बाळाचा आला. मुलगी झाली होती. दोघी जिवंत होत्या.

नवरा दौलतरावांच्या पायाशी बसला. दौलतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मला म्हणाले, “गाडीची चाबी खिशात टाकता येते गा ढोबळेभाऊ. पोरीची कुठं टाकू?”

बाई हात धुऊन आल्या. “बाबा, तुम्ही थांबलात ते बरोबर केलं. गाडी गेली असती वाहून.”

“अन् तू आली ते?”

बाई पदर पिळून पुन्हा गाडीकडे वळल्या.

दुपारनंतर पाणी ओसरलं. बदकानं सगळ्यांना पलीकडे नेलं, आम्ही माय-लेकीला दवाखान्यात खाटेवर निजवलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. काही वर्षांनी त्या वाटेवर खडी पडली, मग डांबर, मग नाल्यावर उंच पूल झाला. बदकाचं काम संपलं. पिंटोसाहेब गेले तेव्हा दौलतराव बदक घेऊन अंत्ययात्रेला गेले होते. नंतर बदक एका हौशी माणसानं नेलं. ते कोणाला विकावं यासाठी मी नेहमीपेक्षा जास्त खटपट केली. हिरवी गाडी मी दुकान बंद केलं तोवर बाईंकडेच होती. ती त्यांनी मला कधीही विकायला काढली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. पण रपट्याच्या त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं आहे.

आवाज दुरुस्त करायचा म्हणून बदक नागपूरला न्यायचं होतं. दौलतराव म्हणाले, आज मीही येतो. ते मुलीशेजारी हिरव्या गाडीत बसले, आणि मी बदक घेऊन मागं. दोघं वाटेत बोलत होते की नाही, मला दिसलं नाही. ऊन कलत आलं असताना एका रेल्वे फाटकाशी आम्ही अडकलो. मालगाडी यायची होती. हिरवी गाडी पहिली, मी तिच्या मागं, माझ्या मागं ट्रकांची आणि बैलगाड्यांची रांग.

मालगाडी गेली. फाटक वर झालं. हिरवी गाडी हलली नाही. मागून हॉर्न वाजू लागले. मी उतरणार तोच दौलतराव उतरले, दार न वाजवता लावलं आणि माझ्याकडे आले.

“झोपली हाय,” ते म्हणाले. “डोकं स्टेरिंगवर ठेवून झोपली. उठवू नका तिले.”

“पण रस्ता अडलाय.”

“तुम्ही गाडी आडवी लावा मांगून. मी पाह्यतो.”

मी बदक सडकेवर तिरकं उभं केलं. दौलतराव माझ्याही मागं जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, धोतर चिखलानं भरलेलं, एक हात वर केलेला. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “क्या हुआ चाचा? गाड़ी बंद पड़ गई?”

“गाडी बरोबर हाय,” दौलतराव म्हणाले. “डॉक्टरीन झोपली हाय. बाजूनं घ्या. हॉर्न मत बजाओ.”

ड्रायव्हरनं त्या चिमुकल्या हिरव्या गाडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यानं ट्रक कडेच्या मातीत उतरवला आणि आमच्या बाजूनं हळूहळू पुढं काढला. त्याच्या मागच्यानं तसंच केलं. एकेक करून सगळी रांग तशी निघून गेली. फाटकवाल्यानं दुसऱ्या आगगाडीसाठी फाटक पुन्हा पाडलं, तरी दौलतराव हात वर करून तिथंच उभे होते.